शर्यतीचें एंजिन आणि शेतांतलें एंजिन

चाकणचा कांदा पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. चाकणची मोटार ही मात्र अलीकडची गोष्ट होय. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गांवांच्या शिवारांत पिकांच्या जागीं कारखान्यांचीं छपरें उभीं राहूं लागलीं. १९८२ सालीं या गांवांची मिळून महानगरपालिका झाली. पुढें कारखान्यांची ही रांग इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यांत शिरली. १९९९ सालीं बजाज ऑटोचा आणि २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना चाकणच्या माळावर सुरू झाला. ज्या माळावर एके काळीं बाजरी, हुलगा व मटकी पिकत असे, तेथें आज दुचाक्या आणि मोटारी तयार होऊन बाहेर पडतात.

या घडामोडींत शेतकऱ्याच्या हातून किती जमीन गेली याची चर्चा पुष्कळ झाली आहे, व ती योग्यच आहे. परंतु त्याच काळांत शेतकऱ्याच्या घरांत यंत्राचें जें ज्ञान आलें, त्याचा शेतीस काय उपयोग करून घ्यावा याचा विचार तितकासा झालेला नाहीं. ज्या घरीं बाप एक-दीड एकरांत कांदा करितो, त्याच घरचा मुलगा पाळीवर जाऊन गिअर कापतो, बेअरिंग बसवितो, किंवा एंजिनाची तपासणी करितो. सुटीच्या दिवशीं गोठ्याच्या कडेला उभा असलेला पॉवर वीडर त्याच्या दृष्टीस पडतो आणि ‘याला जरा जोर आणूं या’ असें त्याच्या मनांत येतें. हा विचार मुळींच वाईट नाहीं. मात्र जोर म्हणजे काय, तो कोठून येतो, आणि शेतांत तो कोठें खर्ची पडतो, याचा हिशोब आधीं मांडला पाहिजे. तसें न करितां पाना हातीं घेतला तर कष्टाच्या पैशानें घेतलेलें यंत्र एका दुपारीं भंगारांत जमा होतें, आणि प्रसंगीं माणसाचा हातपायहि जातो.

हा हिशोब समजण्यास एका परदेशी खेळाचा फार चांगला उपयोग होतो. तो खेळ म्हणजे गवत कापण्याच्या यंत्रांच्या शर्यती. वरवर पाहणाऱ्यास हें रिकामपणाचें खूळ वाटेल. परंतु आपल्या पॉवर वीडरवर जें एंजिन असतें त्याच जातीचें लहान, एका सिलिंडरचें, हवेनें थंड होणारें एंजिन या शर्यतींत असतें. म्हणून त्यांतले अनुभव आपल्या कामाचे आहेत.

गवत कापण्याच्या यंत्रांची शर्यत

इंग्लंडांत बंगल्याभोंवतीं व क्रिकेटच्या मैदानांवर हिरवळ राखण्याची चाल आहे, व ती कापण्याचीं लहान यंत्रें तेथें पुष्कळ घरीं असतात. मोटारींच्या शर्यती इतक्या खर्चाच्या झाल्या कीं सामान्य माणसानें त्यांत उतरण्याची सोय उरली नाहीं, असें वाटून जिम गॅव्हिन नांवाच्या गृहस्थांनीं व त्यांच्या मित्रांनीं १९७३ सालीं ससेक्स परगण्यांतील विसबरो ग्रीन या खेड्यांत ही शर्यत सुरू केली. जें यंत्र घरीं आहेच त्यावरच शर्यत करावी, एवढाच त्यांतला मूळ विचार. पुढें त्यांची राष्ट्रीय मंडळी झाली. १९७८ पासून रात्रभर चालणारी बारा तासांची शर्यतहि भरूं लागली. आणि स्टर्लिंग मॉस व डेरेक बेल यांच्यासारखे नामांकित मोटारहांके हौसेनें या खेळांत उतरले.

या मंडळीनें आरंभींच कांहीं नियम घातले, ते ध्यानांत घेण्यासारखे आहेत. रोख बक्षीस नाहीं. व्यापारी कंपन्यांचा आश्रय नाहीं. गवत कापण्याचीं पातीं शर्यतीपूर्वीं काढून टाकलींच पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं एंजिनांत फेरफार करूं नये. मग चढाओढ कशाची? तर एंजिनाची शक्ति चाकापर्यंत नेणाऱ्या भागांची, सांगाड्याच्या मजबुतीची, आणि चालविणाऱ्याच्या कसबाची.

अमेरिकेंत १९९२ सालीं अशीच संघटना निघाली. तेथें निरनिराळे वर्ग पाडले आहेत. कांहींत एंजिन कारखान्यांतून आलें तसेंच ठेवावें लागतें, तर कांहींत त्याचा जवळ जवळ प्रत्येक भाग बदलण्यास मुभा असते. या वाटेनें किती दूर जातां येतें याचें एक टोकाचें उदाहरण २०१४ सालीं दिसलें. होंडा कंपनीच्या वतीनें गवत कापण्याच्या यंत्राच्या सांगाड्यांत एक हजार सी. सी. चें मोटारसायकलचें एंजिन बसविण्यांत आलें, व त्यानें स्पेनमधील चांचणी-मार्गावर तासाला १८७ किलोमीटरहून अधिक वेग गांठला. तमाशा म्हणून हें ठीक आहे; पण त्या यंत्रांत मूळ यंत्राचें नांवापलीकडे फारसें कांहीं उरलें नव्हतें. इंग्लंडांतील मूळ नियमांनीं जी शर्यत होते ती गरिबाच्या आटोक्यांत राहते व कारागिरास अधिक शिकविते, असें आमचें मत आहे.

आपल्याकडील अभ्यास

आपल्या मुलखांत गवताच्या यंत्रांची शर्यत रुजलेली नाहीं. परंतु तिची विद्वान बहीण म्हणतां येईल अशी एक परीक्षा आहे. अमेरिकेंत १९७६ सालीं दक्षिण कॅरोलायना विद्यापीठांत ‘बाहा’ नांवाची विद्यार्थ्यांची चढाओढ सुरू झाली. तिच्या धर्तीवर एसएईइंडिया या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें २००७ पासून इंदूरजवळ पिठमपूर येथें ही परीक्षा भरविण्यास आरंभ केला. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तींत उतरत आले आहेत. खडकाळ व चिखलाच्या वाटेनें जाणारी एका माणसाची गाडी विद्यार्थ्यांनीं स्वतः आंखून स्वतः बांधावयाची असते. त्यांच्या गाड्यांस अनेक वर्षें ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचें ३०५ सी. सी. चें, दहा हॉर्सपॉवरचें एंजिन दिलें जात असे. ही कंपनी गवत कापण्याच्या यंत्रांच्या एंजिनांसाठींच जगभर प्रसिद्ध आहे.

येथेंहि नियम तोच, कीं एंजिनाला हात लावावयाचा नाहीं. त्याचा गव्हर्नर ठराविक फेऱ्यांवर बांधून देतात व तसाच आहे कीं नाहीं हें तपासतात. सर्वांस शक्ति सारखी. मग एक गाडी चढ चढते व दुसरी अडकते हें कां, याचें उत्तर गिअर, पट्टा, चाक व वजन यांतच शोधावें लागतें. आमच्या शेतकरी बंधूंसहि तेथेंच शोध घ्यावयाचा आहे.

गव्हर्नर काय करितो

लहान एंजिनांतील सर्वांत गैरसमज झालेला भाग म्हणजे गव्हर्नर. ‘हा एंजिनाला दाबून ठेवतो, तो काढला कीं एंजिन मोकळें होतें’ अशी समजूत पुष्कळांची असते. ती अर्धी खरी आहे, व म्हणूनच अधिक घातक आहे.

गव्हर्नरचें काम दुहेरी असतें. एंजिनाच्या पोटांत लहान वजनें फिरतात. फेऱ्या वाढल्या कीं तीं बाहेर फांकतात व एका दांड्यानें कार्बोरेटरची झडप मिटवितात. फेऱ्या कमी झाल्या कीं स्प्रिंग ती झडप पुन्हां उघडते. कांहीं एंजिनांत वजनांऐवजीं पंख्याच्या वाऱ्यानें हलणारें एक पान हेंच काम करितें. आतां शेतांत काय घडतें तें पाहावें. वीडरचीं पातीं मऊ मातींतून एकाएकीं कठीण ढेंकळांत शिरलीं कीं एंजिन मंदावूं लागतें, आणि त्याच क्षणीं गव्हर्नर झडप उघडून त्यास अधिक खाद्य देतो. पातीं वर उचललीं गेलीं कीं भार नाहींसा होतो, आणि त्याच क्षणीं तो झडप मिटवून एंजिन उधळूं देत नाहीं. म्हणजे जो लगाम आहे तोच मदतनीसहि आहे. गव्हर्नर काढणारास लगाम सुटलेला दिसतो. मदतनीस गेला हें त्याच्या ध्यानांत नंतर येतें. सपाट धांवपट्टीवर पायाखालीं ॲक्सिलरेटर घेऊन बसलेल्या शर्यतखोराचें यावांचून भागेल. दोन्हीं हातांनीं दांडे आवरीत सरींतून चालणाऱ्या शेतकऱ्याचें भागणार नाहीं.

दुसरी गोष्ट लोखंडाच्या ताकदीची. पिस्टन वर-खालीं होतांना प्रत्येक टोकाला थांबतो व उलट फिरतो. त्यास थांबविण्याचा व पुन्हां ओढण्याचा ताण कनेक्टिंग रॉडवर पडतो, आणि हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. मिनिटास ३६०० फेऱ्यांऐवजीं ५४०० झाल्या तर फेऱ्या दीडपट, पण ताण सव्वादोनपट. आणि ७२०० झाल्या तर ताण चौपट होतो. पुष्कळशा लहान एंजिनांचा कनेक्टिंग रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा असतो व गव्हर्नरनें बांधलेल्या फेऱ्या धरूनच तो घडविलेला असतो. तो तुटला म्हणजे एंजिनाची पेटी फोडून बाहेर येतो. फ्लायव्हीलचेंहि तसेंच, ओतीव फ्लायव्हील फार वेगानें फिरविलें तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणूनच जे शर्यतखोर गव्हर्नर काढतात ते अगोदर पोलादी ठोकळ्यांतून कापलेला रॉड, तसलेंच फ्लायव्हील, व कडक स्प्रिंगा बसवितात. म्हणजे एक भाग काढण्यासाठीं तीन भाग विकत घ्यावे लागतात. आपल्याकडे पहिला भाग काढतात आणि पुढच्या तिहींचें नांवहि घेत नाहींत.

तिसरी गोष्ट तेलाची. पुष्कळशा लहान एंजिनांत तेलाचा पंप नसतो. रॉडच्या तळाशीं एक चमचा असतो, तो तेल उडवितो, व त्या उडालेल्या तेलावर सर्व भाग जगतात. एंजिन फार कललें तर चमचा तेलापर्यंत पोंचत नाहीं. शर्यतींत हा प्रसंग वळणावर येतो. आपल्याकडे मावळाच्या उतारांवर व बांधाच्या कडेला येतो. उतारावर काम करितांना तेलाची पातळी खुणेच्या वरच्या रेघेशीं असावी व एंजिन फार वेळ एका अंगावर कलतें ठेवूं नये.

पुलीचा हिशोब

आतां शक्ति चाकापर्यंत नेणाऱ्या भागांकडे वळूं. एक उदाहरण घेऊं. एंजिन पांच हॉर्सपॉवरचें, फेऱ्या ३६००; एंजिनावरील पुली तीन इंची, गिअरबॉक्सवरील पुली नऊ इंची; गिअरबॉक्सांत वीसास एक अशी घट; आणि चाकाचा व्यास ४५ सेंटिमीटर. पुलींत फेऱ्या तिसऱ्या हिश्शावर येतात, गिअरबॉक्सांत विसाव्या हिश्शावर; म्हणजे एकंदर साठास एक. चाक मिनिटास साठ फेरे करील, प्रत्येक फेऱ्यांत १.४१ मीटर जाईल, आणि यंत्र तासास सुमारें पांच किलोमीटर चालेल. माणूस झपझप चालतो तो हा वेग होय. पांच हॉर्सपॉवरला ३६०० फेऱ्यांवर एंजिनाची पीळशक्ति सुमारें एक किलोग्रॅम-मीटर येते. ती साठपट करून वाटेंतील घर्षणाबद्दल पंचमांश वजा केला, तर चाकाच्या कडेला सुमारें २१३ किलोग्रॅमची ओढ हिशोबानें निघते.

आतां शर्यतखोर काय करील? त्या दोन पुल्यांची तो अदलाबदल करील. नऊ इंची एंजिनावर, तीन इंची गिअरबॉक्सवर. वेग एकदम नऊपट, म्हणजे तासास सुमारें ४६ किलोमीटर होईल. आणि ओढ नवव्या हिश्शावर, म्हणजे २४ किलोग्रॅमवर येईल. सपाट गवतावर एका माणसास पळवून नेण्यास तेवढी पुरते. एंजिन तेंच, पेट्रोल तेंच. वेग वाढला तो ओढीच्या मोबदल्यांत. यंत्रविद्येंत फुकट कांहीं मिळत नाहीं, हें दोन पुल्या जितकें स्पष्ट सांगतात तितकें क्वचितच दुसरें कोणी सांगेल.

शिवाय या अदलाबदलींत आणखी दोन किंमती लपलेल्या असतात. जो गिअरबॉक्स मिनिटास १२०० फेऱ्यांसाठीं घडविला त्याच्या तोंडाशीं आतां १०,८०० फेऱ्या येतात. त्याचें तेल तापतें, बेअरिंग ओरडतें व अखेर दांते उडतात. आणि नऊ इंची पुलीवरील पट्टा सेकंदास सुमारें ४३ मीटर धांवूं लागतो, वास्तविक साध्या व्ही-पट्ट्यास व ओतीव लोखंडाच्या पुलीस सेकंदास तीस मीटरच्या आसपासच मर्यादा मानतात. म्हणून जाणते शर्यतखोर पुल्या मधल्या मापांच्या घेतात व उरलेली घट गिअर-चेनवर सोंपवितात.

शेतकऱ्यासाठीं या हिशोबाची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. वर निघालेली २१३ किलोग्रॅमची ओढ शेतांत खरोखर मिळते काय? मिळत नाहीं. शंभर किलोग्रॅम वजनाचें यंत्र नांगरल्या मातींत आपल्या वजनाच्या अर्ध्याच्या आसपासच ओढूं शकतें. त्यापुढें चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. म्हणजे औत अडलें असतां एंजिनाची ताकद वाढवून कांहीं उपयोग नाहीं, कारण असलेल्या ताकदीचाच चौथा हिस्सा जेमतेम जमिनींत उतरत आहे. अशा वेळीं चाकें बदलावीं, रबरी चाकांऐवजीं लोखंडी पिंजऱ्याचीं घालावीं, किंवा चाकावर वीस-तीस किलोग्रॅम वजन चढवावें. मात्र ओल्या जमिनींत वजन वाढविलें तर माती दडपते, हेंहि विसरूं नये. फिरत्या पात्यांच्या वीडरांत बरीचशी शक्ति ओढीऐवजीं पात्यांत जाते; तेथें पात्यांची संख्या व खोली कमी-अधिक करणें हाच खरा गिअर होय.

शर्यतीच्या गाड्यांत पुष्कळदां शंकूच्या दोन पुल्यांचा आपोआप गिअर बदलणारा पट्टा बसवितात. ज्यांनीं १९८०च्या दशकांत आलेली कायनेटिक होंडा स्कूटर उघडून पाहिली असेल त्यांस ही रचना परिचयाची आहे. एंजिनाच्या फेऱ्या वाढल्या कीं एक पुली मिटते, दुसरी उघडते, आणि गाडी बिनगिअरची वेग घेते. रस्त्यावर ही सोय उत्तम आहे. पण शेतांत पट्ट्यावर चिखल व पाणी उडतें, यंत्र तासन् तास एकाच मंद वेगानें चालतें, व पट्टा तापून घसरूं लागतो. आपल्या कामास पायरीची पुली, म्हणजे एकाच पुलीवर दोन किंवा तीन मापांच्या खांचा, हीच अधिक टिकाऊ व स्वस्त. भोसरी-चाकणच्या कोणत्याहि लेथवर ती कापून मिळते.

काय बदलावें, काय बदलूं नये

आमच्या मतें पुढील सुधारणा निःशंकपणें कराव्या. खुरपणीसाठीं एक व माती लावण्यासाठीं एक अशा दोन वेगांची पायरीची पुली. सरीच्या अंतराप्रमाणें कमी-अधिक करतां येणारा आंस. चालविणाऱ्याच्या उंचीप्रमाणें वर-खालीं होणारे दांडे. वांकून चालणाऱ्याची कमर हीहि यंत्राइतकीच मोलाची आहे. धूर तोंडावर न येतां बाजूस जाईल असें धुराड्याचें तोंड. हवेच्या जाळीस दुसरें आवरण, कारण माळरानाची धूळ रिंगा व सिलिंडर जितक्या लवकर खाते तितक्या लवकर जास्त भारहि खात नाहीं. नव्या एंजिनाचें तेल पहिल्या वीस तासांच्या सुमारास, व पुढें उत्पादकानें सांगितलेल्या मुदतींत बदलावें. आणि सर्वांत अगत्याचें म्हणजे, हात सुटतांच पातीं थांबतील असा क्लचचा दांडा. शर्यतखोर आपल्या अंगास एक दोरी बांधतात. माणूस पडला कीं दोरी ओढली जाऊन एंजिन बंद पडतें. खेळांत जी काळजी घेतात ती कामांत घेऊं नये, हें लाजिरवाणें होय.

आतां निषिद्ध गोष्टी. गव्हर्नर काढूं नये व त्याची स्प्रिंग ताणूं नये. सिलिंडरचें डोकें घांसून दाब वाढवूं नये. तसें केल्यास एंजिन तापतें व ठोका देतें. धुराड्याची पेटी काढूं नये. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला असें नव्हे, आणि कान एकदां गेला कीं परत येत नाहीं. पात्यांवरील पत्र्याचें झांकण काढूं नये. मागें चलनगाडी जोडून, तिच्यावर बसून, यंत्र सडकेवर पळवूं नये. त्यास तेवढ्या वेगाचे ब्रेक नसतात.

मोटारसायकलचें औत करणारांनींहि हाच विवेक ठेवावा. गुजराथेंत अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगाणी यांनीं १९९४च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचें मागचें चाक काढून तेथें दोन चाकांचा जोड व औत लावलें, व त्यास ‘बुलेट सांती’ हें नांव मिळालें. त्यांनीं वेगाचा सोस धरला नाहीं; एंजिनाचा वेग मोडून त्याची ओढ केली, हेंच त्यांच्या कल्पनेचें मर्म होय. मात्र नोंदणी झालेल्या वाहनांत परवानगीवांचून फेरफार करण्यास १९८८च्या मोटारवाहन कायद्याच्या ५२व्या कलमानें मनाई आहे, हें असलें औत बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं पाहून घ्यावें.

एक सूचना

आमच्या खेड, मावळ, जुन्नर, आंबेगांव भागांत शर्यतीची हौस कोणी शिकवावी लागत नाहीं. यात्रेच्या दिवशीं घाटांत बैलगाडे पळतात व सेकंदाच्या हिशोबानें बारी मोजतात. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें या शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस पुन्हां वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत गांवोगांवचे लोक किती बेचैन होते हें सर्वांनीं पाहिलें आहे. ही हौस यंत्राकडेहि वळणार यांत संशय नाहीं. ती वेगाकडे वळावी कीं कामाकडे, एवढाच प्रश्न आहे.

जुन्या शेतकी प्रदर्शनांत नांगरटीच्या चढाओढी लागत. लोखंडी नांगरानें जमीन बिघडते अशी समजूत असलेल्या काळांत, १९०३ सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला नांगर बाजारांत आणला. तो शेतकऱ्यास पटला तो शेतांत चालतांना पाहून. आजहि एसएईइंडियानें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या शेतीयंत्रांची जी चढाओढ भरविली, तिचें इंग्रजी नांव असें जुळविलें आहे कीं त्याच्या आद्याक्षरांतून ‘तिफण’ हा आपला शब्द निघतो. आणि कांदा काढण्याचें यंत्र हा विषयहि तींत दिला गेला होता. विद्यार्थ्यांस जें जमतें तें ज्यांच्या घरीं कांदाहि आहे व कारखान्याची पाळीहि आहे त्यांस कां जमूं नये?

म्हणून आमची सूचना अशी कीं आपल्या संघानें दिवाळीनंतर, खरीप घरांत आल्यावर, चाकणच्या आसपास लहान यंत्रांची एक चढाओढ भरवावी. प्रत्येकास पांच गुंठे जमीन आंखून द्यावी. दोन फूट रुंदीनें, तासास अडीच किलोमीटरच्या चालीनें हें काम वीस मिनिटांचें आहे. वळणें धरून अर्धा तास द्यावा. एंजिन कारखान्यांतून आलें तसेंच असावें व त्याच्या गव्हर्नरला शिक्का मारावा. पुली, गिअर, चाकें, पातीं व दांडे यांत वाटेल ती सुधारणा करण्यास मोकळीक असावी. टांकी आरंभीं खुणेपर्यंत भरावी, व काम संपल्यावर पुन्हां खुणेपर्यंत भरण्यास किती पेट्रोल लागलें तें मापानें पाहावें. एक मीटर चौरस चौकट पांच ठिकाणीं टाकून राहिलेलें तण व तुटलेलीं रोपें मोजावीं. ज्याचें तण कमी, रोपें शाबूत व पेट्रोल थोडें, तो पहिला. ज्याच्या यंत्राचे दांडे सोडले असतां पातीं फिरत राहतील त्यास मैदानांत उतरूं देऊं नये. बक्षीस रोख न ठेवतां चांगल्या पान्यांची पेटी किंवा पुल्यांचा संच ठेवावा, म्हणजे जिंकणाराचें बक्षीस पुन्हां कामांतच येईल.

अशा चढाओढींत बाप सरीचें अंतर सांगेल व मुलगा पुलीचें माप काढील. जमीन गुंठ्यांवर आली असतां, आणि खुरपणीस माणूस मिळणें दुरापास्त झालें असतां, या दोन ज्ञानांची गांठ पडणें फार निकडीचें आहे. ज्या सभासदांस ही कल्पना पसंत पडेल त्यांनीं आपल्या यंत्राचें एंजिन, दोन्हीं पुल्यांचीं मापें, चाकाचा व्यास व सरींतील चालीचा वेग एवढी माहिती लिहून संघाकडे पाठवावी. म्हणजे नियमांचा कच्चा खर्डा करितांना ती आधारास घेतां येईल.